हास्सोचे सिमेंटवाले आणि सुनील फिटर

सुनील भिंगारदिवे आमच्या साखर कारखान्यात फिटर म्हणून लागला, ते साल १९८२. मी तेव्हा टाइम ऑफिसात कारकून होतो, त्यामुळं त्याचं पहिलं कार्ड माझ्याच हातून भरलं गेलं. आडनाव वाचून मी विचारलं, भिंगारचेच का. तो म्हणाला, भिंगारचाच, कॅम्पाला लागूनच घर. वडील मिलिटरीच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. नगरच्या आयटीआयमधून पास होऊन तो आला होता. त्याच्या पत्र्याच्या पेटीत दोन जोडी कपडे, पान्यांचा संच आणि हवा सोडून घडी घातलेला एक फुटबॉल होता.

फुटबॉल पाहून कामगार वसाहतीतले लोक हसले. आमच्या नेवाशाच्या बाजूला खेळ म्हणजे कुस्ती नाहीतर कबड्डी, फार तर व्हॉलीबॉल. सुनील मात्र जवानांना पाहत पाहत आणि पुढं त्यांच्याबरोबर खेळत वाढलेला. त्याला फुटबॉल हाच खेळ वाटायचा, बाकीचे नुसते व्यायाम.

गळीत हंगामात कोणाला श्वास घ्यायला वेळ नसायचा. हंगाम संपला की मशिनरी खोलायची, दुरुस्ती करायची. दिवसपाळी असायची आणि संध्याकाळ मोकळी. त्या वर्षी कामगारांच्या सभेत विचारलं गेलं की वसाहतीतलं मैदान कोणत्या खेळाला द्यायचं. हात वर झाले. व्हॉलीबॉलला सत्तावन्न, फुटबॉलला चार. त्या चारांत एक हात माझा होता, तोही सुनील शेजारी बसला होता म्हणून. अध्यक्ष भला माणूस. सभा संपल्यावर त्यानं सुनीलला सांगितलं की बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, ढिगामागं पडीक जागा आहे, तिथं काय गोंधळ घालायचा तो घाला.

तिथं आम्ही दगड वेचले, बाभळीची खुंटं उपटली. भंगारातल्या स्टीमच्या पाइपांना सुनीलनं वेल्डिंग मारून गोलचे खांब केले. माणसं जमवायला दोन महिने लागले. बॉयलरचे सुनील धरून पाच, मिल हाऊसचे तीन, उसाच्या गाडीतळावरचे दोघं, आणि टाइम ऑफिसातला मी. मला पळता येत नव्हतं, म्हणून मला गोलात उभं केलं. गाडीतळावरच्या दोघांपैकी एक ज्ञानेश्वर, शिंगणापूरचा. काटकुळा, अबोल, पण डाव्या बाजूनं पळायला लागला की बैलगाडीवाले थांबून बघत राहायचे. दुसरा काकासाहेब निमसे. तो खेळापेक्षा भांडायचा जास्त.

कपड्यांचा प्रश्न आला तेव्हा स्टोअरमध्ये बॉयलर सूटचं निळं कापड उरलं होतं. त्याचे सदरे शिवून घेतले. एक-दोघं कुजबुजले की सुनीलनं मुद्दाम निळा रंग आणला. ते त्याच्या कानावर गेलं. तो म्हणाला, स्टोअरमधी पिवळं असतं तर पिवळं शिवलं असतं, पण निळं मिळालं याचं मला काय वाईट वाटलं न्हाई. मग काकासाहेबानं सगळ्यांसमोर पहिला सदरा अंगात घातला आणि तो विषय तिथंच संपला.

चौदा वर्षं आम्ही खेळलो. हरलो जास्त. पुढं कोणाची बदली दुसऱ्या पाळीला, कोणाचे गुडघे गेले, कोणी शेतीकडं वळलं, आणि संघ केव्हा मोडला ते कोणाला कळलंही नाही. सुनील कामात उत्तम होता. हेड फिटर झाला. त्यानं जयमालावहिनींशी लग्न केलं, त्या झेडपीच्या शाळेत शिक्षिका. एकच मुलगी, स्नेहल. २०२० साली तो निवृत्त झाला आणि केडगावात बांधलेल्या घरी राहायला आला. मी दोन वर्षं आधीच केडगावात आलो होतो, त्याच्या मागच्याच गल्लीत. फुटबॉलचं नाव आमच्या दोघांत पंचवीस वर्षांत निघालं नसेल.

ते निघालं स्नेहलमुळं. ती पुण्यात स्पॅनिश शिकली आणि गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत दुभाषी म्हणून लागली. कंपनीचा एक कारखाना मेक्सिकोत आहे. लॉकडाऊनमध्ये ती केडगावला येऊन घरूनच काम करायला लागली. तिकडचा एर्नेस्तो नावाचा पन्नाशीचा इंजिनिअर रोज तिच्याशी बोलायचा. एकदा काम संपल्यावर त्यानं विचारलं, तुझे वडील काय करत होते. तिनं सांगितलं, साखर कारखान्यात फिटर होते, कारखाना सहकारी आहे. ‘सहकारी’ हा शब्द ऐकून एर्नेस्तो खुर्चीत सरळ बसला. म्हणाला, माझे वडील सहकारी सिमेंट कारखान्यात भट्टीवर होते, आजोबाही तिथंच होते, आणि त्या कारखान्याचा फुटबॉल क्लब आहे.

जेवताना स्नेहलनं हे सहज सांगितलं. सुनीलनं हातातला घास ताटात ठेवला. सहकारी कारखान्याचा फुटबॉल क्लब, हे त्यानं तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

त्या क्लबचं नाव क्रूस आसूल. म्हणजे निळा क्रूस. स्नेहलनं नेटवरून आणि एर्नेस्तोकडून माहिती काढायची, मराठीत सांगायची, आणि सुनीलनं ती दोनशे पानी वहीत उतरवायची, असं सुरू झालं. सकाळी फिरायला निघालो की तो मला ती हप्त्याहप्त्यानं सांगायचा. मास्कमधून त्याचा आवाज नीट यायचा नाही, म्हणून आम्ही बायपासच्या कडेला लांब जाऊन दोन दगडांवर बसायचो.

त्यानं सांगितलं ते असं. मेक्सिकोत हिदाल्गो नावाचं राज्य आहे, त्यात हास्सो नावाचं गाव. तिथं सिमेंटचा कारखाना. तिथल्या कामगारांनी १९२७ साली संघ काढला. बेसबॉल खेळायचा की फुटबॉल, यावर मतं घेतली होती असं तिथली माणसं सांगतात, आणि मतं फुटबॉलला पडली. एवढं सांगून सुनील माझ्याकडं बघत राहिला. मी म्हणालो, हो, माझा हात वर होता, मला आठवतंय.

पुढं १९३१ साली एका स्पर्धक कंपनीनं तो कारखाना विकत घेतला, तो बंद करण्यासाठी. कामगार हटले नाहीत. शेवटी तिथल्या सरकारनं कारखाना ताब्यात घेऊन कामगारांच्या हाती दिला आणि त्याची सहकारी संस्था झाली. त्या वस्तीचं नावच आता सहकारनगरी क्रूस आसूल असं आहे. एर्नेस्तोचे आजोबा त्या एकतीस सालच्या कामगारांतले. कारखान्याच्या गावातच स्टेडियम बांधलं. १९६४ मध्ये संघ देशाच्या पहिल्या श्रेणीत चढला, एकाहत्तरमध्ये राजधानीत गेला आणि त्या दशकात त्यानं विजेतेपदांवर विजेतेपदं घेतली. लोक त्याला ‘मशीन’ म्हणायला लागले. पण जुनं नाव टिकून राहिलं, सिमेंटवाले. समोरच्या संघाचे लोक चिडवायला म्हणायचे आणि यांचे लोक अभिमानानं म्हणायचे.

मला हे सगळं ऐकायला आवडायचं, पण खरं सांगायचं तर सुरुवातीला मी ते सुनीलसाठी ऐकत होतो. मी त्यात अडकलो तो पुढच्या भागात. १९९७ नंतर या संघाला लीगचं विजेतेपद मिळेनासं झालं. म्हणजे संघ वाईट नव्हता. अंतिम सामन्यापर्यंत जायचा आणि तिथं हरायचा. २०१३ साली दोन गोलांनी पुढं होते, शेवटची दोन-चार मिनिटं उरली होती. तेवढ्यात समोरच्यांनी एक गोल केला, आणि अगदी शेवटी त्यांचा गोलकीपर स्वतःचा गोल सोडून धावत आला आणि डोक्यानं बरोबरी करून गेला. पुढं पेनल्टीवर हे हरले. तिथल्या लोकांनी यावरून एक क्रियापदच तयार केलं, क्रुसासुलेआर. हातातोंडाशी आलेलं घालवणं.

हे क्रियापद जयमालावहिनींनी पहिल्यांदा मराठीत आणलं. एकदा त्या दुधाजवळ उभ्या होत्या, बेल वाजली म्हणून वळल्या आणि दूध उतू गेलं. त्या शांतपणे म्हणाल्या, क्रुसासुललं. आठ दिवसांत ते माझ्या घरी पोचलं. माझी बायको अजून वापरते.

मे २०२१ मध्ये संघ पुन्हा अंतिम फेरीत गेला. दोन सामन्यांतला पहिला एका गोलानं जिंकला होता. दुसरा तिकडं रविवारी रात्री होता, म्हणजे आपल्याकडं सोमवारी सकाळी पावणेसातला. गावात निर्बंध होते, पण मागच्या गल्लीतून पुढच्या गल्लीत जायला मला कोण अडवणार. मी गेलो तर स्नेहलनं लॅपटॉप टेबलावर ठेवला होता आणि मोबाईलवर एर्नेस्तो होता. त्याच्या मागं पलंगावर एक म्हातारे गृहस्थ बसलेले दिसत होते. ते त्याचे वडील. वय पंच्याऐंशी. एर्नेस्तोनं त्यांना हास्सोहून स्वतःच्या घरी आणलं होतं. त्यांनी आम्हाला हात केला, आम्ही नमस्कार केला.

चित्र मध्ये मध्ये अडकायचं. सदतिसाव्या मिनिटाला समोरच्या संघानं गोल केला आणि दोन्ही सामने मिळून बरोबरी झाली. सुनील उठला आणि अंगणात जाऊन झाडांना पाणी घालायला लागला. वहिनी म्हणाल्या, कालच घातलंय. तो म्हणाला, असू दे. मध्यंतर संपल्यावर थोड्याच वेळात निळ्या सदऱ्यांनी गोल परत केला. मी हाक मारली तेव्हा तो हातात पाइप घेऊनच दारात आला आणि शेवटपर्यंत तिथंच उभा राहिला, पायावर पाणी पडत होतं तरी. शेवटची दहा मिनिटं फार लांब होती. मी गोलकीपर होतो, मला माहीत आहे ती दहा मिनिटं कशी असतात.

शिट्टी वाजली. तेवीस वर्षांनी विजेतेपद आलं होतं. मोबाईलमध्ये एर्नेस्तो रडत होता आणि त्याचे वडील मात्र स्वस्थ बसले होते, मांडीवर हात ठेवून, एखादं काम वेळेत झाल्यावर पाळीवाला बसतो तसे. ते स्नेहलला काही म्हणाले. तिनं सांगितलं, आजोबा विचारतायत, बाबांच्या कारखान्याच्या संघाचं नाव काय.

नाव नव्हतंच. स्पर्धेच्या फॉर्मवर कधी ‘बॉयलर इलेव्हन’ लिहिलं, कधी नुसतं कारखान्याचं नाव. वसाहतीत आम्हाला बगॅसवाले म्हणायचे, ते हेटाळणीनं. सुनीलनं तेच सांगितलं. स्नेहलनं समजावून दिलं की उसाचा रस काढून उरलेला चोथा. म्हातारे गृहस्थ खूश झाले. म्हणाले, सिमेंटवाले आणि चोथावाले. मग त्यांनी सांगितलं की तुमचा इतिहास लिहून पाठवा, आमचा तर तुम्ही वाचलाच आहे.

दुसरा कोणी हे विसरून गेला असता. सुनील विसरला नाही. वहीची मागची बाजू उलटी करून त्यानं तारीख टाकली. पण लिहायला बसल्यावर लक्षात आलं की काहीच नक्की आठवत नाही. नगरला मिलिटरीच्या एका संघाशी सत्त्याऐंशी साली खेळलो, त्यात किती गोलांनी हरलो? सुनील म्हणाला पाच. काकासाहेबाला फोन लावला, तो म्हणाला सहा, आणि पंच त्यांचा होता. मी म्हणालो सात. गोलला जाळी नव्हती, दर वेळी चेंडू आणायला मीच मागच्या नाल्यापर्यंत पळालो होतो. सुनीलनं सात लिहिलं. श्रीरामपूरच्या एका संघाशी दोन-एक जिंकलो होतो, त्यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. दुसरा गोल ज्ञानेश्वरचा, गुडघ्यानं, पडता पडता.

ज्ञानेश्वर २०१४ मध्ये गेला. दिवाळीच्या आधी, रस्ते मोकळे झाल्यावर, सुनील म्हणाला, त्याच्या घरी जाऊन येऊ. आम्ही त्याच्या स्कूटरवर शिंगणापूरला गेलो. मंदिराच्या वाटेवर ज्ञानेश्वरच्या बायकोचं, बायडाबाईंचं, तेलाच्या बाटल्या आणि रुईच्या माळांचं दुकान आहे. दुकानात सून होती, तिनं घरी पाठवलं. दार नसल्यानं चौकटीतूनच हाक मारली. बायडाबाई पडदा सारून बाहेर आल्या. सुनीलला ओळखायला त्यांना क्षणभर लागला, मग म्हणाल्या, “बॉलवाले भाऊ.”

त्यांनी आत बसवलं, चहा टाकला. इतिहास लिहायचाय, मेक्सिकोला पाठवायचाय, असं सुनीलनं सांगितलं. मेक्सिको कुठं ते त्यांनी विचारलं नाही. आतून एक पिशवी आणली. तिच्यात एक फोटो होता. एकोणनव्वद सालचा, श्रीरामपूरच्या सामन्यानंतरचा. फोटोत दहाच माणसं, कारण अकराव्यानं, म्हणजे काकासाहेबानं, फोटो काढला होता. हा फोटो आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. मी त्यात इतका बारीक होतो की सुनीलनं बोट ठेवल्यावर मला मी सापडलो.

निळ्या सदऱ्याचं काय झालं, असं मी विचारलं. बायडाबाईंनी पलंगावरच्या गोधडीकडं बोट दाखवलं. मधोमध निळा चौकोन होता, धुवून धुवून आभाळाच्या रंगाचा झालेला. त्या म्हणाल्या, “कापड चांगलं हुतं. फेकू वाटंना.”

सुनीलनं वही काढली आणि त्यांना विचारलं की वहिनी, ज्ञानेश्वरच्या खेळाबद्दल तुमी काय सांगाल.

“खेळ मी कधी बघितला न्हाई,” त्या म्हणाल्या. “पर ज्या दिशी खेळून यायचे, त्या दिशी घरात बोलायचे. गाडी कुनाची आली, कोन काय म्हनलं, सगळं सांगायचे. एरवी जेवून गप झोपायचे. मी वाट बघायची, आज बॉल हाय का म्हनून.”

सुनीलनं ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. परत येताना घोडेगावात चहाला थांबलो तेव्हा तो म्हणाला, “भाऊसाहेब, चौदा वर्सं मला वाटायचं, मीच सगळ्यांना वढून आनतो.”

इतिहास आठ पानांचा झाला. स्नेहलनं तो पंधरा दिवसांत स्पॅनिशमध्ये केला. बगॅस, गाडीतळ, पाळी, सगळ्याला शब्द सापडले. उलट ती म्हणाली की हे शब्द एर्नेस्तोच्या वडिलांना आपल्या पुण्याच्या लोकांपेक्षा लवकर कळतील. बायडाबाईंचं बोलणं तिनं शेवटी घेतलं होतं. सुनील म्हणाला, मधी घाल, श्रीरामपूरच्या सामन्याआधी, कारण त्या दिवशीही ज्ञानेश्वर घरी जाऊन बोलला असणार. सोबत फोटो पाठवला.

उत्तर आलं ते लिहिलेलं नव्हतं. म्हाताऱ्यांनी बोलून पाठवलं होतं, सहा मिनिटं. रविवारी दुपारी आम्ही सगळे सुनीलच्या पुढच्या खोलीत बसलो आणि स्नेहल थांबवत थांबवत सांगत गेली. ते म्हणाले, सात गोलांचं मनावर घेऊ नका, आमच्या भट्टीच्या पाळीनं एकदा खाणीवाल्यांकडून नऊ खाल्ले होते आणि त्यांत माझा भाऊ गोलकीपर होता; तुमच्या गोलकीपरला माझा नमस्कार सांगा. मी उगीचच चष्मा पुसला. मग त्यांनी विचारलं की बॉयलरजवळ किती गरम असतं, आणि भोंगा तुमच्याकडंही होता का. ज्ञानेश्वरच्या बायकोबद्दल ते म्हणाले की माझी बायको असती तर तिनंही हेच सांगितलं असतं. मग ते म्हणाले, माझ्या खोलीच्या भिंतीवर आता दोन संघांचे फोटो आहेत.

सुनीलनं ते वाक्य पुन्हा लावायला सांगितलं. स्नेहल मराठीत सांगायला लागली तर म्हणाला, तसं न्हाई, त्यांच्या तोंडून. तिनं लावलं. त्यानं मान खाली घालून ऐकलं आणि आणखी एकदा लाव म्हणाला.

शेवटी त्यांचा एक प्रश्न होता. सराव झाल्यावर तुम्ही खायचात काय? सुनील आणि मी एकदम म्हणालो, भत्ता. कारखान्याच्या गेटसमोरच्या गाडीवरचा, कांदा आणि तळलेली मिरची घालून. स्नेहल अडली. भत्त्याला स्पॅनिश शब्द नव्हता. मुरमुरे, शेव, फरसाण असं सांगून बघितलं, पण सुनीलला ते पटेना. त्यात चव कुठं आली, असं त्याचं म्हणणं. आमचा वाद ऐकून जयमालावहिनी स्वयंपाकघरात गेल्या, डबे उघडले, कांदा चिरला आणि कागदावर भत्ता घालून टेबलावर आणून ठेवला. स्नेहलनं त्याचा फोटो काढून पाठवला, आणि तो पोचल्याची खूण येईपर्यंत आम्ही त्यातलं अर्धं संपवलं होतं.